फिल्टरच्या शेजारी गोळ्याही ठेवा

‘चांगला फिल्टर ठेवला की पाण्याचा प्रश्न मिटला’ हे ट्रेकमध्ये पाणी शुद्ध करण्यावरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. पोकळ तंतूंचा फिल्टर (बारीक नळ्यांसारख्या तंतूंच्या छिद्रांतून पाणी गाळणारा) वापरून ओला झाला आणि रात्री गोठला, की आतले तंतू तडकू शकतात. बाहेरून काहीच कळत नाही, पाणीही नेहमीसारखंच येतं. माझा असाच गेला. सकाळी झाकण उघडलं तर तोंडाशी बर्फाचा खडा. आता थंडीत तो स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊनच झोपते.

शिवाय ०.१ मायक्रॉनची छिद्रं जिवाणू अडवतात, विषाणू निसटतात. म्हणून पाण्यात टाकायच्या, जंतू मारणाऱ्या क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या हव्यातच. आणि या गोळ्यांनी क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी मरायला ४ तास लागतात, हे विकणाऱ्याने तोंडाने सांगावं. पाकिटावरची बारीक अक्षरं तहानलेला माणूस वाचत बसत नाही हो!