बॅटलशिपची वकिली कशी करावी

नौदलावरच्या कुठल्याही व्याख्यानाला जा, मागच्या रांगेत बसा आणि शेवटी माइक हातात आला की म्हणा, “प्रश्न नाही, फक्त एक मुद्दा मांडायचाय.” एवढं जमलं की निम्मी वकिली झाली. परवा असाच एक मुद्दा मी व्यासपीठावर बसून ऐकला. माझा विषय होता पाणबुड्या. गृहस्थांचा मुद्दा असा, की आजची जहाजं म्हणजे नुसता पत्रा; खऱ्या बॅटलशिप, म्हणजे जाड चिलखताच्या आणि अवजड तोफांच्या युद्धनौका, कारकुनांनी मोडीत काढल्या, आणि आज ना उद्या त्या परत आणाव्याच लागतील. टाळ्या पडल्या. मला पडल्या होत्या त्याहून जास्त. तेव्हा धंदा चालता आहे हे उघड आहे. ज्यांना त्यात शिरायचंय त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन.

सुरुवात मिलिमीटरपासून करा. अमेरिकेच्या आयोवाचा बाजूंचा चिलखती पट्टा 307 मिमी, जपानच्या यामातोचा 410. आयोवाचा चिलखतभेदी गोळा 1,225 किलो, यामातोच्या तोफेचं तोंड 46 सेंटिमीटर. हे आकडे सावकाश, एकेक करून सोडायचे आणि मध्ये थांबायचं. 410 म्हटल्यावर सभागृहात जी शांतता पसरते तिच्यात कुणी विचारत नाही, की मग 7 एप्रिल 1945 ला ही यामातो विमानांच्या बाँब आणि टॉर्पेडोंनी काही तासांत तळाला कशी गेली. विचारलंच, तर “तिला विमानांचं छत्र नव्हतं” म्हणा. छत्र लागणारं जहाज अभेद्य कसं, हा पुढचा प्रश्न येण्याआधी माइक परत करा.

पाणबुडी हा शब्द स्वतःहून उच्चारू नका.

आता मुख्य युक्ती. “आजची क्षेपणास्त्रं पातळ जहाजांसाठी बनलेली आहेत, बॅटलशिपवर आदळली तर नुसता रंग उडेल.” हे वाक्य पाठच करा, कारण ते अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं वाक्य खोडायला समोरच्याला दहा मिनिटं लागतात. 1982 मध्ये फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिशांची शेफील्ड ही विनाशिका एका एक्झोसेट क्षेपणास्त्राने गेली, हेही जोडून द्या. पण चिलखत जहाजभर नसतं हे मात्र सांगू नका. ते असतं दारूकोठारं, इंजिनं आणि तोफांच्या बुरुजांभोवती. जहाजाची पुढची आणि मागची टोकं जवळपास उघडी. रडार उघडं, अँटेना उघड्या. 1942 च्या नोव्हेंबरात पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटाजवळ रात्रीच्या लढाईत अमेरिकेच्या साउथ डकोटा या बॅटलशिपचं काय झालं? वीज गेली, रडार गेलं, वरच्या मजल्यांवर गोळ्यांचा मारा झाला. चिलखताच्या आतलं सगळं ठणठणीत, तरंगण्याला धोका नाही, आणि तरीही जहाज लढाईतून बाद. जहाज बुडवायचंच असतं असं तुम्हाला कुणी सांगितलं? आंधळं केलं तरी काम भागतं. जर्मनीच्या बिस्मार्कचा पट्टा शेवटी कुणी फोडला ते नंतर बघू. आधी कापडी पंखांच्या स्वोर्डफिश विमानातून सोडलेल्या एका टॉर्पेडोने तिचं सुकाणू जाम केलं, म्हणून तर ब्रिटिश तिला गाठू शकले. ब्रिटिशांच्या प्रिन्स ऑफ वेल्स या बॅटलशिपचा घात झाला तो मागच्या बाजूला, पंख्याच्या दांड्यापाशी. आणि “क्षेपणास्त्राला चिलखत फोडता येत नाही” म्हणणाऱ्यांनी रोमा हे नाव तरी ऐकलंय का? इटलीची नवीकोरी बॅटलशिप. 9 सप्टेंबर 1943 ला जर्मनांनी रेडिओने वळवता येणारे बाँब वरून टाकले आणि ती दोन तुकडे होऊन बुडाली. हजाराहून जास्त माणसं गेली. मार्गदर्शित शस्त्राने चिलखत फोडलं त्याला ऐंशीहून जास्त वर्षं झाली हो! आणि आजचा जड टॉर्पेडो तर पट्ट्याला हातही लावत नाही. तो तळाखाली जाऊन फुटतो, जहाज वर उचललं जातं, मग खालची पोकळी आधार काढून घेते आणि जहाजाचा कणा मोडतो. तिथे तुमचे 307 आणि 410 काय करणार? वजन वाढवणार.

असो. मी मार्गदर्शन करत होतो.

1991 चं आखाती युद्ध हा तुमचा हुकमाचा पत्ता. मिसुरी आणि विस्कॉन्सिन या दोन जहाजांनी तिथे 16 इंची तोफा डागल्या आणि कुवेतच्या फैलाका बेटावरचे इराकी सैनिक शरण आले, ही गोष्ट रंगवून सांगा. ते शरण आले ते डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या विस्कॉन्सिनच्या मानवरहित विमानाकडे बघून पांढरी फडकी हलवत, हा तपशील घ्या किंवा गाळा. दुसरा मात्र गाळाच. फेब्रुवारीत मिसुरीच्या दिशेने इराक्यांचं सिल्कवर्म क्षेपणास्त्र आलं. ते पाडलं ब्रिटिश विनाशिका ग्लॉस्टरने, आपलं सी डार्ट क्षेपणास्त्र सोडून. ग्लॉस्टर कुठल्या वर्गाची? शेफील्डच्याच. त्याच पत्र्याची.

खर्चाचा विषय निघाला की आवाज चढवा.

तोफेचा गोळा क्षेपणास्त्रापेक्षा स्वस्त पडतो आणि तासन्‌तास मारा करता येतो, हा मुद्दा फार जपून वापरा, कारण तो खरोखर खरा आहे. किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांना अशा माऱ्याची गरज भासते, हे नौदलवालेही नाकारत नाहीत. अडचण एवढीच की 16 इंची तोफेचा पल्ला साधारण 38 किलोमीटर, आणि किनाऱ्यावर ट्रकमधून सुटणारी क्षेपणास्त्रं त्याच्या कितीतरी आधी तुम्हाला गाठतात. पण खऱ्या मुद्द्याने सुरुवात केलीत तर लोक पुढचेही मुद्दे तपासायला लागतील. नकोच ते.

डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या बॅटलशिपची घोषणा केली, तिचा उल्लेख “शेवटी आमचंच खरं झालं” या स्वरात करा. घोषणेत भर होता क्षेपणास्त्रं, लेझर आणि रेलगनवर, म्हणजे विजेच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या तोफेवर. वजनही 30 ते 40 हजार टन, म्हणजे भरलेल्या आयोवापेक्षा बरंच कमी. पण नाव बॅटलशिप आहे ना? मग झालं.

आणि शेवटची युक्ती: माणसांचा आकडा कधीही सांगू नका. जाडी सांगा, पल्ला सांगा, वेग 33 नॉट सांगा. ऐंशीच्या दशकात पुन्हा सेवेत आणल्यावरही आयोवावर दीड हजारांच्या वर माणसं लागायची, ते नको. आजच्या अमेरिकी विनाशिकेचं काम साधारण 300 जणांत होतं, तेही नको.

खरंतर याच गोष्टीचा मला राग येतो, आणि तिथे व्यासपीठावर बसून तो गिळावा लागला. 19 एप्रिल 1989 ला आयोवाच्या दुसऱ्या बुरुजात स्फोट झाला. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता, सराव होता. तोफेची जुनी दारू पिशव्यांत भरून तोफेत ढकलायची पद्धत; 47 जण गेले. नौदलाने आधी त्यातल्याच एका मेलेल्या खलाशावर ठपका ठेवला, नंतर प्रयोगशाळेच्या तपासणीत दारू जोरात ढकलली गेल्यानेही स्फोट होऊ शकतो असं दिसलं, आणि 1991 मध्ये त्याच्या कुटुंबाची माफी मागावी लागली. यामातोबरोबर तीन हजारांच्या आसपास माणसं बुडाली, परतीच्या आशेविना पाठवलेली. प्रिन्स ऑफ वेल्स आणि तिच्याबरोबर बुडालेली रिपल्स मिळून 840. त्या सगळ्यांना चिलखताची जाडी माहीत होती. तुमच्यापेक्षा चांगली माहीत होती, कारण ते तिच्या आत होते.

बॅटलशिप आवडते? आवडू द्या, मलाही आवडते. आयोवा, न्यू जर्सी, मिसुरी, विस्कॉन्सिन, चारही अमेरिकेत संग्रहालयं होऊन उभ्या आहेत. फोटो काढा, प्रतिकृती जोडा, तोफांचे आवाज ऐकत बसा. पण दुसऱ्याच्या पोराला तीस नॉटच्या लोखंडी पेटीत बसवून क्षेपणास्त्रांपुढे उभं करायची भाषा सभागृहातल्या खुर्चीवरून करू नका. आणि बोलायचंच असेल तर आधी वाचा. आणि माइक हातात घेतलाच, तर प्रश्न विचारा.