'शुगर नाही, मग कसली भीती' या मेसेजला उत्तर

कोरोनाचे रुग्ण वाढल्याची बातमी आली की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं: शुगर-बीपी नसेल आणि वय पन्नाशीच्या आत असेल तर कोरोना अंगावर काढा. 10 सेकंद श्वास रोखता आला म्हणजे फुफ्फुसं ठणठणीत. पहिल्याच दिवशी स्टेरॉइड घ्या, अ‍ॅडमिट व्हावं लागत नाही. बीपीच्या गोळ्या बंद करा. या वेळी तो मावशीने सगळ्या भाचरांना पाठवलाय, म्हणून हे उत्तर.

वय हा सगळ्यात मोठा धोका, हे मान्य. पण पुढचं? ब्रिटनमधल्या 260 रुग्णालयांतल्या अ‍ॅडमिट रुग्णांच्या नोंदींवरून 2020 मध्ये 'फोर-सी' स्कोअर तयार झाला; जितके गुण जास्त, तितका मृत्यूचा धोका जास्त. एकूण गुण 21. त्यात वयाचे जास्तीत जास्त 7. जुने आजार कितीही असोत, त्यांचे फक्त 2, आणि त्या यादीत बीपी नाहीच. लठ्ठपणा मात्र आहे. पुरुष असल्याचा 1. बाकीचे सगळे पेशंट दाखल होताना शरीराचं काय चाललंय त्याचे: श्वास मिनिटाला 30 किंवा जास्त, ऑक्सिजन 92 च्या खाली, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) 100 किंवा पुढे, शुद्ध हरपत चाललेली, प्रत्येकी 2. युरियाचे 3 पर्यंत.

आता हिशोब करा. 48 वर्षांचा, कुठलाही आजार नसलेला पुरुष. श्वास 32, ऑक्सिजन 88, सीआरपी 120, युरिया 50. गुण 8. दुसरीकडे 58 वर्षांची, शुगर असलेली बाई; श्वास 18, ऑक्सिजन 96, सीआरपी 20, युरिया 30. गुण 3. त्या अभ्यासात 0 ते 3 गुणांच्या गटात मृत्यू 1.2 टक्के, 4 ते 8 च्या गटात 9.9. टक्केवारी लसीच्या आधीची आहे, आज जशीच्या तशी लावू नका. पण मेसेज ज्याला घरी बसवतोय तो कोण, ते बघा. (सीआरपीचं एकक रिपोर्टवर तपासा, काही लॅब 120 ऐवजी 12 छापतात.)

श्वास रोखण्याबद्दल काय बोलायचं! ऑक्सिजन उतरलेला माणूसही 10 सेकंद काढतो. त्यापेक्षा बोटाला ऑक्सिमीटर लावून घरात सहा मिनिटं चाला, साठीपुढे तीन. 93 च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला किंवा धाप लागली तर दवाखाना गाठा. बसल्या जागीच 93 च्या खाली असेल तर चालवू नका. नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, आकडा स्थिरावू द्या. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, तोही पेशंटला न सांगता. सांगितलं की लय बदलते.

स्टेरॉइडचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त 10 दिवस, दिलं. व्हेंटिलेटरवरच्यांत 28 दिवसांतले मृत्यू 41.4 वरून 29.3 टक्क्यांवर आले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत? औषधाशिवाय 14, औषध घेऊन 17.8. हा फरक योगायोगाचाही असेल, पण फायदा दिसला नाही हे नक्की. वर स्टेरॉइडने शुगर चढते, नसलेल्याचीही. 2021 मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) माणसांचे डोळे आणि जबडे गेले, ते बहुतेक याच जोडीने: स्टेरॉइड आणि बेलगाम शुगर.

बीपीच्या गोळ्यांचं ब्राझीलमध्ये 659 अ‍ॅडमिट रुग्णांवर तपासून झालंय. ज्या प्रकारच्या गोळ्यांनी कोरोना बळावतो असा संशय होता त्या बंद करून काही फायदा झाला नाही. वॉर्डात प्रेशर पडलं तर डॉक्टर त्या थांबवतात, ते वेगळं.