आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून गुडघ्याची सूज उतरत नाही

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलाचे सांधे दुखतात? आरए फॅक्टर, सीआरपी, ईएसआर करा. तिन्ही नॉर्मल तर संधिवात नाही, वाढीचं दुखणं. औषध चालू असेल तर ईएसआर उतरताच बंद करा.’

आधी आरए फॅक्टर, म्हणजे रक्तातली एक अँटीबॉडी. मोठ्यांच्या संधिवातात तो बहुतेकदा सापडतो. वयाच्या १६ वर्षांआधी सुरू होणाऱ्या संधिवातात मात्र साधारण ५ टक्के मुलांतच. निगेटिव्ह रिपोर्टवर पेढे वाटू नयेत.

सीआरपी आणि ईएसआर? दोन्ही अंगातली सूज-दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या; ईएसआरमध्ये तांबड्या पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात ते बघतात. एखाद-दुसराच सांधा सुजला असेल तर दोन्ही नॉर्मल असू शकतात. उलट घसा धरला तरी सीआरपी चढतो, अंगात रक्त कमी असलं की ईएसआर. आपल्या विदर्भात तर सिकलसेलही आहे, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. त्या वाकड्या पेशींची चवड लागत नाही, म्हणून त्या नळीत सावकाश खाली बसतात आणि ईएसआर खोटाच कमी दिसतो. सिकलसेलनं सांधे दुखतात, ते वेगळंच.

‘वाढीचं दुखणं’ बहुधा संध्याकाळी-रात्री, दोन्ही पायांत; सकाळी पोरगं उड्या मारतं. सकाळी आखडणं, लंगडणं, सूज हे त्यात बसत नाही. हे ओळखायला सुई लागत नाही.

आजार किती जोरात आहे हे मोजायला डॉक्टर जॅडास नावाचा स्कोर वापरतात. त्याच्या एका प्रकारात एकूण ५७ गुण: सांध्यांचे २७, डॉक्टरांच्या अंदाजाचे १०, पालकांच्या किंवा मुलाच्या अंदाजाचे १०, ईएसआरचे फक्त १०. त्यातही ईएसआर २० पर्यंत असेल तर शून्य गुण. दुसऱ्या एका प्रकारात तर रक्ततपासणी वगळलेलीच आहे.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक. संधिवाताच्या ताप आणि पुरळासह येणाऱ्या प्रकारात कधी कधी रोगप्रतिकार यंत्रणा बेफाम होते. रक्तातलं फायब्रिनोजेन (पेशींची चवड लावणारं प्रथिन) घटतं आणि त्यामुळेच ईएसआर एकदम कोसळतो. फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) मात्र भराभर चढतं, प्लेटलेट घटतात. ताप चालूच आणि ईएसआर उतरला, तर औषध बंद करायचं नसतं, पोराला घेऊन तातडीनं दवाखाना गाठायचा असतो.

डोळ्यांबद्दल मेसेजमध्ये अक्षरही नाही. या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते. बहुतेकदा ना लाली, ना दुखणं, आणि सीआरपीला तिचा पत्ताही नसतो. एएनए (रक्तातल्या आणखी एका अँटीबॉडीची तपासणी) पॉझिटिव्ह असलेल्या लहानग्यांना हा धोका जास्त, म्हणून तक्रार नसली तरी ठरलेल्या मुदतीनं स्लिट लॅम्पवर (डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या सूक्ष्मदर्शकावर) डोळे तपासून घ्यावेच लागतात.