खुलासा : राज्य सल्लागार मंडळ पालकत्व देत नाही

‘राज्याचे दिव्यांग सल्लागार मंडळ आता स्वमग्न मुलांना 18 वर्षांनंतर पालकत्वाचा दाखला देणार’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर चुकीचा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 66 खालचे हे मंडळ नावाप्रमाणे सल्ला देते, तोही सर्वच दिव्यांगांच्या धोरणांवर. पालक नेमण्याचा अधिकार 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीचा. तिच्यावर जिल्हाधिकारी किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी असतो. मूल 18 वर्षांचे झाल्यावर त्याचे कायदेशीर पालक व्हायचे तर आईवडिलांनाही तिथे अर्ज करावाच लागतो. आणि हे फारसे कुणी सांगत नाही : नेमणुकीनंतर 6 महिन्यांत पालकाला या समितीकडे पाल्याच्या मालमत्तेची यादी, पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो.