‘काय होत नाय’ म्हणे!

सलग चौथा रविवार मी गाडीखाली पाठीवर पडून घालवला. आणि गाडीत आजपर्यंत नवीन काय बसलं? काही नाही. मागच्या स्प्रिंगचे नवे कमानपाटे पडवीत गोणपाटावर पडलेत. ते पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट पेपरात गुंडाळलेलेच आहेत. शॉकअपचा खोका पोरांनी मांजरीच्या पिल्लांना दिला, आणि या घरात त्या शॉकअपचा आजवर झालेला उपयोग तेवढाच.

गाडी 2009 ची महिंद्रा गेटअवे पिकअप, डबल केबिन, फोर-व्हील. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणाऱ्या स्प्रिंगच्या सळ्या, मागे पाटे, डॅशबोर्डवर फोर-व्हील चालू करायचा फोर-हाय आणि फोर-लोचा नॉब. माझ्या आधी तिला तीन मालक झाले, मिस्त्री किती झाले ते रवळनाथालाच ठाऊक. मला काही लडाखला जाऊन फोटो काढायचे नाहीत. बागेची वाट जांभ्याची आहे. जूनमध्ये तिच्यावर शेवाळ धरलं की साधी पिकअप खताच्या गोण्यांसकट उलटी खाली येते, म्हणून फोर-व्हील. आणि एप्रिलात तीस पेट्या आंबा भरल्यावर गाडीचं बूड रस्त्याला टेकू नये, म्हणून नवे पाटे. बरोबर शॉकअप आणि दोन नीट दिवे. दोन दिवसांचं काम आहे असं मी बायकोला सांगितलं होतं. ती आता काही बोलत नाही, नुसता चहा आणून बोनेटवर ठेवते आणि जाते.

पहिल्या रविवारी उजव्या बाजूचा शॉकअप काढायला घेतला. खालचा बोल्ट निघाला. वरचा चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला वेल्ड केलेल्या नटात जातो. आदल्या रात्री गंजावर स्प्रे मारून ठेवला होता, सकाळी परत मारला. सतराचा पाना बसेना, एकोणिसचाही नीट बसेना. तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. शेवटी पाइप लावून जोर दिला, तर बोल्ट जेमतेम पाव फेरा फिरला आणि आतून ‘टक्’ असा आवाज आला. ज्यांनी गाड्या खोलल्यात त्यांना तो आवाज सांगायला नको. नटाचं वेल्डिंग सुटलं होतं. आता पाना फिरवला की चेसीच्या पोकळीत नटही बोल्टाबरोबर गरगर फिरतो. तिथे ना बोट जात, ना पक्कड.

तीन तास गेले. चेसीला बाजूने भोक पाडलं, नट कसाबसा छिन्नीने अडवला आणि बोल्ट काढला. हातात आल्यावर बघतो तर चार सुती! अर्धा इंच! डाव्या बाजूचा बोल्ट बारा एमएमचा, सव्वा एमएम पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), बारीक आट्यांचा, कंपनीने दिला होता तसा. आणि या बाजूला कोणीतरी हार्डवेअरच्या बरणीतला इंची बोल्ट घालून ठेवलेला. इंचात बारा आटे, म्हणजे दोन एमएमहून जास्त पिच. तो त्या नटात जाऊच शकत नाही. पण मिस्त्र्याच्या हातात लांब पाना आणि तोंडात ‘काय होत नाय वो’ असलं की जगात सगळं सगळ्यात जातं.

अरे बाबा, तू जो कोण असशील तो, तुला एकच विचारायचंय. दोन आटे हाताने फिरल्यावर बोल्ट अडला, तेव्हा तुला काहीच वाटलं नाही? बोल्ट हाताने निम्म्याहून जास्त आत गेला पाहिजे, पाना फक्त शेवटी आवळायला, हे पहिल्या दिवशी गॅरेजात झाडू मारणाऱ्या पोरालाही शिकवतात. तुला योग्य बोल्ट आणायला पाच मिनिटं गेली असती. ती तू वाचवलीस. माझे चार रविवार गेले.

बरं, बोल्टावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. (नसतो बसलो, पण लिहिलं नसतं.) पाटे सोडवायला गेलो तर पाट्याचं टोक चेसीला जोडणारी मागची शॅकलं कंपनीची नाहीतच. कुठल्यातरी वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी पट्टी कापून, भोकं पाडून बनवलेली. दुप्पट लांब. का? तर गाडी उंच दिसावी. आता ज्याला उंची हवी होती त्याला एक साधी गोष्ट माहीत नव्हती, की शॅकल चार इंचांनी लांब केलं तर गाडी दोन इंचच वर जाते, कारण पाट्याचं फक्त एक टोक सरकतं. वर पुन्हा ॲक्सल तिरकं होतं आणि इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. मग साठच्या पुढे गेलं की सीट थरथरायला लागते आणि क्रॉस, म्हणजे त्या शाफ्टचे सांधे, गळायला लागतात.

मागच्या सीटखाली एक तेलकट पिशवी आहे. घेतल्यापासून तिथेच होती, मी कधी उघडली नव्हती. परवा उघडली. आत तीन जुने क्रॉस! खाल्लेले, बेअरिंगच्या सुया गेलेले. म्हणजे या माणसाने तीन वेळा क्रॉस बदलले, प्रत्येक वेळी पैसे मोजले, जुना माल जपून पिशवीत घातला, आणि एकदाही त्याच्या मनात आलं नाही की आपण लावलेल्या पट्ट्याच क्रॉस खातायत. मिस्त्र्याच्याही नाही आलं. का येईल? त्याचं गिऱ्हाईक दर पावसाळ्यानंतर परत येतंय.

पाट्यांचंही तसंच. एका पाट्यावर चक्क वेल्डिंगची रेघ. स्प्रिंगच्या पोलादाला वेल्ड केलं की त्या जागेच्या आजूबाजूला ते ठिसूळ होतं आणि पुढच्या खड्ड्यात शेजारीच मोडतं. दुसरा पाटा गॅसवर लाल करून वाकवलेला. त्याचं पाणी केव्हाच उतरलंय, आता तो नुसता लोखंडाचा पट्टा आहे, त्याला स्प्रिंग म्हणू नका. आणि यू-बोल्ट जुनेच परत वापरलेले. एकदा ताण घेतलेला यू-बोल्ट टाकायचा असतो. नवा लावला तरी दोन-तीनशे किलोमीटर गेल्यावर परत आवळायचा असतो. त्या चार यू-बोल्टांवर मागचा ॲक्सल लटकलेला असतो, भाऊ! त्या ॲक्सलच्या वर माझी पोरं बसतात.

वायरिंगबद्दल लिहू का? नको, रक्तदाब वाढतो. लिहितोच.

हेडलाइटला 100/90 वॉटचे बल्ब. ठरलेले 60/55 चे. दोन्ही बल्बांचा हिशोब केला तर अप्परला (हाय बीमला) दहा अँपिअरच्या जागी जवळजवळ सतरा, आणि तेही रिले (जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच) न लावता थेट मूळ वायरमधून. चार पिनांच्या त्या रिलेची किंमत एका वडापावच्या पार्टीएवढी असते. 30 ला बॅटरी, 87 ला दिवा, 85-86 ला स्विच आणि अर्थ. यात कळायला काय अवघड आहे? स्विचच्या मागची प्लास्टिकची टोपी वितळून पुरणासारखी झालीय. आणि फ्यूज उडत होता म्हणून काय केलं असेल? फ्यूजला सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळली. गाडी पेटली नाही ही कुणाची पुण्याई, मला माहीत नाही. हॉर्नची वायर कुठून घेतली? फोर-व्हीलच्या नॉबच्या लाइनीतून. तरीच गेल्या जूनमध्ये चढावर हॉर्न दाबला की डॅशवरचा फोर-व्हीलचा दिवा मिचकावायचा आणि मला वाटायचं पुढच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या ट्रान्स्फर केसची मोटर गेली. त्या मोटरसाठी मी पुण्याला फोन करत बसलो होतो!

यावर मोबाइलवर व्हिडिओ टाकणाऱ्यांचा वेगळा राग आहे. त्यांच्या गाड्यांना गंजच नसतो. आरशासारखी फरशी, तीन ट्यूबलाइट, बोल्ट दोन बोटांनी फिरतो, आणि ‘बघा, अर्ध्या तासात झालं’. आमच्याकडे पावसाचे चार महिने आणि उरलेले आठ महिने खाऱ्या वाऱ्याचे. या एकदा इकडे, तुमचा तो चकचकीत सॉकेट सेट घेऊन. अर्ध्या तासात तुम्हाला बोल्टाचं डोकं सापडलं तर गाडी तुमची.

आणि वर कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, मूळ रचनेत परस्पर बदल करायचा नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कुणाला? मालकाला. आज मालक मी. त्या पट्ट्या, ती वायरिंग, तो चार सुती, सगळ्याला पाच हजाराने गुणा आणि मग मला सांगा. कंपनीच्या मापाचे पाटे बसवून गाडी ताळ्यावर आणायला निघालेला मी, आणि पावती फाटली तर माझ्याच नावाने. तो उंचीचा हौशी आज कुठेतरी ईएमआयवर नवी गाडी घेऊन फिरत असेल.

शेजारचे काका रोज कुंपणावरून डोकावतात. ‘विकून टाक रे.’ कुणाला विकू? चौथ्या मूर्खाचा पाचवा शोधू?

आज सकाळी लेथवाल्याकडून नवा नट चेसीला वेल्ड करून घेतला. सरळ, काटकोनात, मी स्वतः फूटपट्टी धरून उभा राहिलो. आता फक्त एक बोल्ट हवा होता. डावीकडचा नमुना खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. म्हटलं, हा हवाय, बारा एमएम, बारीक आटे, मजबुतीला एटपॉइंटएट ग्रेड. मालकाने बोल्ट हातात घेतला, उजेडात धरला, नखाने आटे खरवडले. मग मागे वळून बरणीत हात घातला.

“ह्यो नाय आपल्याकडं. चार सुती देऊ? जरा टाइट जाईल, पण काय होत नाय.”