सेहवागकडे तंत्र नव्हतं, हे म्हणणं आता थांबवा

मुंबईत चार क्रिकेटवेडे जमले आणि भारताचा माजी सलामीवीर वीरेंद्र सेहवागचं नाव निघालं की एक वाक्य हमखास येतं: "नुसती नजर आणि हात, बाकी तंत्र शून्य." शिवाजी पार्क आणि आझाद मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या 'पाय चेंडूपर्यंत ने, पहिला तास बोलरला दे' हेच घोटून घेतलंय. त्या शाळेतल्या माणसाला सेहवाग खटकणार, हे समजू शकतं. तरीही ते वाक्य चूक आहे. त्याच्याकडे तंत्र होतं, पण आपण ते पायांत शोधत बसलो.

त्याचं डोकं बघा. चेंडू हातातून सुटताना ते जागचं हलत नसे. तो चेंडूच्या रेषेच्या लेगच्या, म्हणजे पायांकडच्या बाजूला राहायचा, त्यामुळे हात शरीरात अडकत नसत. पुढचा पाय चेंडूच्या रेषेत टाकला की ऑफ स्टंपवरचा चेंडू सरळ ढकलावा लागतो. पाय आतच ठेवला तर तोच चेंडू कव्हर ते पॉइंट कुठेही मारता येतो, आणि थोडा आखूड असेल तर मागच्या पायावर कट. वेगवान चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. पायांची मोठी हालचाल नसेल तर तेवढ्या वेळात टप्पा ओळखायला थोडी जास्त सवड मिळते. हा हिशेब आहे, याला लप्पेबाजी म्हणत नाहीत.

नव्या चेंडूवर कर्णधार बॅटच्या कडेचे झेल घ्यायला यष्टिरक्षकाशेजारी तीन स्लिप आणि गली लावतो, म्हणजे ऑफला पुढचा कव्हर-पॉइंटचा पट्टा मोकळा. सेहवाग नेमका तिथेच मारायचा. पाच-सहा षटकांत चार-पाच चौकार गेले की तिसरी स्लिप उचलून डीप पॉइंटला, सीमारेषेजवळ, स्वीपर म्हणून पाठवावी लागे. मग बॅटची कड लागली तरी चेंडू रिकाम्या स्लिपमधून सीमापार. लोक त्याला नशीब म्हणाले. पण ती स्लिप त्यानेच हलवलेली असायची, आणि त्याचा फायदा नंतर येणाऱ्या द्रविड, सचिन, लक्ष्मणलाही मिळायचा.

मुंबईकरांनी तर हे बोलूच नये, कारण या पद्धतीचं सगळ्यात मोठं प्रात्यक्षिक चर्चगेटलाच झालं. डिसेंबर 2009, ब्रेबॉर्न स्टेडियम, तब्बल 36 वर्षांनी तिथे कसोटी. श्रीलंकेचा पहिला डाव 393. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या शेवटच्या विकेट काढून भारत खेळायला उतरला आणि संध्याकाळी धावफलक होता 1 बाद 443, सेहवाग 284 नाबाद. समोर मुरलीधरन आणि हेरात हे फिरकीपटू. मुरलीला मिडविकेटकडे आडवं मारत सुटणं ही घाई झाली असती. त्याने लेग स्टंपकडे सरकून जागा केली आणि ऑफच्या बाजूला मारलं. क्षेत्ररक्षक मागे गेले की एकेक धाव, आत आले की डोक्यावरून. तिसऱ्या दिवशी सकाळी मुरलीनेच स्वतःच्या गोलंदाजीवर झेल घेतला: 254 चेंडूंत 293, 40 चौकार, 7 षटकार. तिसरं त्रिशतक सात धावांनी हुकलं, ती हळहळ अजून जात नाही. पण तो सामना भारताने एक डाव 24 धावांनी जिंकला आणि कसोटी क्रमवारीत पहिल्यांदा अव्वल क्रमांक मिळवला. पाटा खेळपट्टीवर 20 विकेट काढायला वेळ लागतो, आणि तो वेळ सेहवागने एका दिवसात कमावून दिला होता.

त्याला बचाव जमत नव्हता म्हणणाऱ्यांनी ॲडलेड 2008 आठवावं. सामना वाचवायचा होता. संघाच्या 269 पैकी 151 त्याच्या, 236 चेंडूंत. किंवा त्याच वर्षीचं श्रीलंकेतलं गॉल, जिथे मेंडिस-मुरलीच्या फिरकीसमोर 329 पैकी 201 त्याच्या आणि तोही शेवटपर्यंत नाबाद.

आता उणिवा, कारण त्या खऱ्या आहेत. 23 कसोटी शतकांपैकी दुसऱ्या डावात फक्त एक, तेच ॲडलेडचं. इंग्लंड, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत सरासरी तिशीच्या खाली. कारण त्याच तंत्रात आहे. पाय आत राहिला की टप्पा पडून आत येणारा चेंडू बॅट आणि पॅडच्या फटीतून जातो, आणि उशिरा बाहेर जाणाऱ्यावर हात शरीरापासून लांब जाऊन गलीत झेल उडतो. या पद्धतीत नजर आणि हात किंचित जरी मंदावले तरी सावरायला दुसरं काही नसतं. 2011 मध्ये खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर इंग्लंडमध्ये एजबॅस्टनच्या कसोटीत उतरला आणि दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद झाला. 2013 च्या ऑस्ट्रेलिया मालिकेत चष्मा लावून खेळला, आणि त्याच मालिकेतली हैदराबादची कसोटी शेवटची ठरली. 104 कसोटी, 8586 धावा, सरासरी 49.34, स्ट्राइक रेट 82 च्या वर. सलामीला येऊन हे आकडे, हे विसरू नका.

आपल्या पोरांचं नुकसान दोन बाजूंनी होतंय. काही जण सेहवागचे न हलणारे पाय उचलतात, डोकं मात्र ऑफला पडलेलं असतं. ॲडलेड 2020 मध्ये पृथ्वी शॉ दोन्ही डावांत त्याच फटीतून त्रिफळाचीत झाला. गुणवत्तेबद्दल शंकाच नाही, राजकोटला पदार्पणात 134 त्यानेच केल्या होत्या. दुसरीकडे काही प्रशिक्षक चेंडू हवेत गेला की मुलाला नेटबाहेर काढतात. अहो, मुंबईच्या पावसाळ्यातल्या कांगा लीग स्पर्धेत ओल्या गवतात जमिनीवरचा फटका अडकतो म्हणून उचलून मारायला मुंबईच शिकली ना? यशस्वी जयस्वालने 2024 मध्ये राजकोटला 12 षटकार मारून 214 नाबाद केल्या, तोही याच मैदानांवर घडला.

प्रशिक्षकांना एकच विनंती. मोबाइल बोलरच्या मागे, स्टंपच्या रेषेत लावा आणि मुलाचे 30 चेंडू टिपा. चेंडू सुटतो त्या क्षणी चित्र थांबवा. डोकं ऑफ स्टंपच्या बाहेर झुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. डोकं स्थिर असेल आणि मुलगा फक्त मारण्याजोगा चेंडूच मारत असेल, तर त्याच्या पायांना हात लावू नका.