वैर असल्याशिवाय धार येत नाही?

‘प्रतिस्पर्ध्याचा राग आल्याशिवाय खेळाला धार येत नाही’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. टेनिसपटू ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा १९७३ ते १९८८ या काळात ८० वेळा समोरासमोर आल्या. ४३ सामने मार्टिनाने जिंकले, ३७ ख्रिसने. सुरुवातीला ख्रिसचं पारडं जड होतं. तिला गाठायचं म्हणून मार्टिनाने व्यायाम, आहार, सगळा सरावच बदलला. मग हरायची पाळी ख्रिसवर आली. तीही सलग हरत असताना मैदान सोडून गेली नाही आणि १९८५ची फ्रेंच ओपन फायनल तीन सेटमध्ये जिंकली. याच दोघींनी १९७६ला विम्बल्डनची दुहेरी एकत्र जिंकली होती! यात राग कुठे दिसतो?

मी ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमवर १५०० मीटर पळायचे. कळव्याची एक मुलगी शेवटच्या फेरीत नेहमी खांद्याला खांदा लावून असायची. बारावीनंतर तिने पळणं सोडलं आणि पुढच्या मोसमात माझी वेळ घसरली. कोच तेच, सराव तोच, फक्त ती नव्हती. आज माझा मुलगा पळतो. परवा एका प्रशिक्षकांनी मुलांना बजावलं, ‘दुसऱ्या क्लबच्या पोरांशी बोलायचं नाही.’ फार वाईट वाटलं. बोलू द्या हो त्यांना. शर्यत सुरू झाली की कोणी कोणाला सोडत नाही.